पार्टी कोण?

नागपुरात इतवारीच्या किराणा ओळीत दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारा इंग्रजी शब्द कोणता? ‘रेट’ला मी दुसरा नंबर देईन. पहिला ‘पार्टी’ला. बाहेरगावची पार्टी, जुनी पार्टी, रोखीची पार्टी, घासाघीस करणारी पार्टी. बालाघाट-गोंदियाकडून माल भरायला आलेला दुकानदार ही पार्टी. त्याला माल देणारी फर्म, तीही पार्टी. एकटा माणूस पार्टी आणि सहा भावांचा धंदा तोही पार्टीच.

मुळात हा शब्द वाटणीचा. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला, ‘भाग करणे’ या अर्थाच्या धातूपासून निघालेला. ‘पार्ट’ आणि ‘पार्टनर’ त्याच घरातले. मराठीत आला तेव्हा त्याच्या बहुतेक अर्थांची जागा आधीच भरलेली होती. राजकारणात पक्ष, कोर्टात पक्षकार, लग्नात वरपक्ष नि वधूपक्ष, गावच्या भांडणात तट. खरेदीखतात तर ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ अशी इतकी स्वच्छ मराठी की पार्टीची गरजच पडू नये. तरी तो सगळीकडे शिरला. बँड पार्टी झाली, भजन पार्टी झाली. हुरड्याची तर पार्टीच होते. हुरड्याची मेजवानी म्हणून पाहा, दाणा घशाखाली उतरणार नाही. शिवाय आपल्याकडे पार्टी देण्यापेक्षा मागण्याचीच रीत मोठी. कुणी नवी गाडी घेतली की अभिनंदनाच्या आधी ‘पार्टी कधी?’

‘पक्ष’ मात्र टिकला. नागपूरला त्याचं अगत्य असायला हवं. रिपब्लिकन पक्षाची स्थापना याच शहरात ३ ऑक्टोबर १९५७ रोजी झाली. ज्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची जागा त्याने घेतली, तिचा जन्मही १९४२ साली इथलाच. हिंदीत ‘भारतीय जनता पार्टी’ म्हणतात तिथे मराठी वर्तमानपत्र ‘पक्ष’ छापतं. भाद्रपदातल्या पितरांच्या पंधरवड्यालाही पक्षच म्हणायचं. त्या दिवसांत सराफा ओळीत गर्दी ओसरते. पक्षात पार्टी फिरकत नाही, असं वाक्य तिथे सहज होऊ शकतं आणि त्यात राजकारणाचा लवलेश नसतो.

मग बाजाराला हा परका शब्द एवढा का लागतो? परवा मसाल्याच्या एका गादीवर बसलो होतो. एक दलाल आला, खिशातून कागदाची पुडी काढली आणि धण्याचा नमुना सेठजींच्या तळहातावर ओतला. सेठजींनी दाणे चोळले, फुंकर मारून साल उडवली, वास घेतला, एक दाणा दाताखाली धरला. भाव विचारला. मग बाजाराच्या हिंदीत प्रश्न आला, ‘‘पार्टी कौन है?’’

‘‘बाहर की है, सेठजी. अपनी ही समझो.’’

सेठजींनी पुन्हा विचारलं नाही. नाव मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते का मिळणार नाही हेही. नाव सांगितलं की पुढच्या खेपेला फोन थेट लागणार आणि मधली दलाली बुडणार. दलालाची सगळी पुंजी म्हणजे कोणाकडे काय आहे आणि कोणाला काय हवं आहे, याची माहिती. ती झाकायला पार्टीसारखं पांघरूण नाही.

आपले शब्द इथे लावून पाहा. गिऱ्हाईक म्हटलं की तो घेणारा, हे उघड झालं. व्यापारी म्हटलं की धंदा कळला. ‘असामी’त थोडी थट्टा येते, ‘पक्षकार’ म्हटलं की वकील आठवतो. ‘पार्टी’तून यातलं काहीच कळत नाही. जात नाही, गाव नाही, बाई की बुवा तेही नाही. मारवाडी, गुजराती, सिंधी, मराठी अशा सगळ्यांनी भरलेल्या या बाजारात नाव उच्चारलं की निम्मी कुंडली आपोआप मांडली जाते. ‘पार्टी’ म्हटलं की विचारण्यासारखं एकच उरतं: पैसे वेळेवर देते का?

राजकारणातल्या पार्टीचं नेमकं उलटं. तिथे सगळी मारामारी नावासाठी. महाराष्ट्रात दोन पक्ष फुटले, तेव्हा नाव आणि चिन्ह कुणाचं याचा निवाडा निवडणूक आयोगाला करावा लागला. शिवसेनेचा २०२३ साली, राष्ट्रवादीचा २०२४ साली. इतवारीत पार्टीचं नाव गाजणं ही काही कौतुकाची गोष्ट नाही. धंदा सुरळीत चालला असेल, तर वर्षानुवर्षं ती नुसती ‘पार्टी’ असते. हप्ते थकले, फोन बंद झाला, दुकानाला कुलूप लागलं की संध्याकाळपर्यंत तिचं नाव, आडनाव, गाव आणि सासुरवाडीसुद्धा सगळ्या ओळीला पाठ झालेली असते.