ज्येष्ठ पुत्राची भूमिका

नाटक असो वा चित्रपट, प्रेक्षक घरी परततो तो नायकाचे नाव ओठांवर घेऊन. नायकाला निरोप आणून देणारा, त्याची नाडी पाहणारा, त्याच्यामागे धावपळ करून चार हशे मिळवणारा, यांचे चेहरे ध्यानात राहतात; नावे मात्र राहत नाहीत. अशा भूमिका जन्मभर करणाऱ्यास चरित्र अभिनेता म्हणतात. आज आम्ही वाचकांना अशाच एका अभिनेत्याची ओळख करून देणार आहोत. कीय ल्यूक हे त्यांचे नाव. ते जन्माने चिनी, वाढले अमेरिकेत. आणि पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी तेथील चित्रपटांत, रंगभूमीवर व पुढे दूरचित्रवाणीवर काम केले. मुलगा आणि बाप या दोन भूमिकांचे त्यांच्या आयुष्यात जे विलक्षण नाते जमले, ते घरच्या सर्व मंडळींनी ऐकावे असे आहे.

चीनमधील कँटन शहरी १८ जून १९०४ रोजी त्यांचा जन्म झाला. बालपण गेले अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटल येथे. नट होण्याचे त्यांच्या मनातही नव्हते. त्यांचा हात होता चित्रकाराचा. चित्रपटांच्या जाहिरातींसाठी ते चित्रे काढत. हॉलिवुडमधील प्रसिद्ध ग्रॉमन चायनीज थिएटरच्या सजावटीसही त्यांच्या कुंचल्याचा हातभार लागला होता. अशा रीतीने पडद्याबाहेर उभे राहून पडद्याची शोभा वाढवणारा हा माणूस १९३४ साली ‘द पेंटेड वेल’ या चित्रपटात एका लहानशा भूमिकेत पडद्यावर आला. ग्रेटा गार्बो ही त्यातील नायिका होती.

तो काळ अमेरिकेतील चिनी माणसांस अनुकूल नव्हता. १८८२ साली त्या देशाने कायदा करून चिनी मजुरांस प्रवेशबंदी केली होती, आणि चीनमध्ये जन्मलेल्या माणसास नागरिकत्वाचे दारही बंद केले होते. चित्रपटांतही तीच रीत. चिनी पात्र म्हणजे एक तर धोबी, स्वयंपाकी वा चाकर. नाहीतर काळोखात दबा धरून बसलेला खलपुरुष. त्यातूनही एखादे महत्त्वाचे चिनी पात्र आलेच, तर ते गोऱ्या नटाने चिनी सोंग घेऊन वठवावयाचे, असा जणू नियमच होता. १९३७ साली ‘द गुड अर्थ’ ही चिनी शेतकरी कुटुंबाची कथा पडद्यावर आली. तिच्यात शेतकरी व त्याची पत्नी या प्रमुख भूमिका युरोपात जन्मलेल्या गोऱ्या कलावंतांनी केल्या, आणि पत्नीच्या भूमिकेबद्दल लुईझे रायनर हिला ऑस्कर पारितोषिकही मिळाले. त्या दांपत्याच्या थोरल्या मुलाची भूमिका होती ल्यूक यांची.

थोरला मुलगा हीच त्यांची ओळख होऊन बसली होती. चार्ली चॅन हा होनोलुलूच्या पोलीस खात्यातील चिनी गुप्तहेर. अर्ल डेर बिगर्स या कादंबरीकाराने १९२५ साली त्यास जन्म दिला. तो शांत, बुद्धिमान, सभ्य, आणि मोठ्या कुटुंबाचा कर्ता. पडद्यावर ही भूमिका करीत असत वॉर्नर ओलंड. ते मूळचे स्वीडनचे. १९३५ साली ‘चार्ली चॅन इन पॅरिस’ या चित्रपटात त्यांचा ज्येष्ठ पुत्र ली चॅन म्हणून ल्यूक आले, आणि पुढे या बापलेकांचे एकंदर आठ चित्रपट निघाले. मुलगा अमेरिकेत वाढलेला, उत्साही, उतावळा. बापाने सांगण्याच्या आधीच तो धावत सुटतो, भलत्याच माणसाचा पाठलाग करतो आणि फजीत होऊन परततो. बाप त्यास मंद हसून एखादे बोधवचन ऐकवतो. बर्लिन येथील १९३६ च्या ऑलिंपिक सामन्यांवरील चित्रपटात तर हा मुलगा अमेरिकेचा जलतरणपटू असतो, आणि शत्रू त्यास पळवून नेतात. तेव्हा त्या संयमी पित्याची जी घालमेल होते, ती कोणत्याही देशातील आईबापांस ओळखीची वाटेल.

या भूमिकेत एक नवी गोष्ट होती. ली चॅन चाकर नव्हता, खलपुरुष नव्हता. तो शिकलेला होता, स्वच्छ अमेरिकी इंग्रजी बोलत होता, नीटनेटका पोशाख करीत होता आणि आपल्या बापावर जिवापाड प्रेम करीत होता. पण ज्यास तो प्रेमाने बाबा म्हणत होता, तो बाप चिनी नव्हता. मुलास पडद्यावर खरा चेहरा मिळाला. बापाच्या जागी सोंग होते.

१९३८ साली ओलंड एक चित्रपट अर्धवट सोडून निघून गेले आणि त्याच वर्षी स्वीडनमध्ये त्यांचा अंत झाला. बापाची जागा मोकळी झाली. ती घेतली सिडने टोलर या दुसऱ्या गोऱ्या नटाने. ल्यूक मालिकेतून बाहेर पडले. १९४० साली एका छोट्या चित्रसंस्थेने मात्र वेगळे धाडस केले. तिच्या मालिकेत मिस्टर वाँग या चिनी गुप्तहेराची भूमिका आधीच्या पाच चित्रपटांत बोरिस कार्लॉफ यांनी केली होती. सहाव्या, ‘फँटम ऑफ चायनाटाउन’ या चित्रपटात ती ल्यूक यांस दिली गेली. चिनी गुप्तहेर खरोखरच चिनी होता! पण त्या एका चित्रपटानंतर ती मालिकाच बंद पडली.

१९४३ साली तो जुना बंदीचा कायदा रद्द झाला, तरी नव्या नियमाने वर्षाला अवघ्या १०५ चिनी माणसांस प्रवेश होता. १९४४ साली ल्यूक अमेरिकेचे नागरिक झाले. ज्या देशाचे प्रेक्षक दहा वर्षे त्यांना पाहून हसत व टाळ्या देत होते, त्या देशाने त्यांना आपला म्हणण्यास एवढा काळ लावला.

टोलर यांच्यानंतर चार्ली चॅनची भूमिका बॉस्टनच्या रोलंड विंटर्स यांच्याकडे गेली, आणि १९४८ व १९४९ च्या दोन चित्रपटांत ल्यूक यांना पुन्हा ज्येष्ठ पुत्र म्हणून बोलावण्यात आले. विंटर्स यांचा जन्म नोव्हेंबर १९०४ चा. म्हणजे पडद्यावरचा मुलगा आपल्या बापाहून पाच महिन्यांनी मोठा होता! चव्वेचाळीस वर्षांच्या या माणसास मुलगा म्हणून धावताना पाहून आपणांस हसू येते. पण त्या हसण्याच्या तळाशी काहीतरी खुपतेही.

ल्यूक यांचे स्वतःचे मत काय होते? ते या चित्रपटांचा नेहमी कैवार घेत. चिनी माणूस हा तेथे नायक आहे, सर्वांहून शहाणा आहे, मग अपमान कसला, असे त्यांचे म्हणणे असे. पुढील पिढीतील चिनी वंशाच्या अनेक अमेरिकी लेखक-कलावंतांस ते पटले नाही. दुसऱ्याने आमचे सोंग घ्यावे आणि आम्ही शेजारी उभे राहून त्याला बाप म्हणावे, हाच अपमान, असे ते म्हणत. आम्हांस दोन्ही बाजूंत सत्य दिसते. उपाशी काळात जी भाकरी मिळाली तिला ल्यूक नावे ठेवीत नाहीत. आणि ताटातील मोठा वाटा कोणी उचलला असे तरुण विचारतात. पहिल्याची कृतज्ञता खरी, म्हणून दुसऱ्यांची तक्रार खोटी ठरत नाही.

अखेर बापाची भूमिका ल्यूक यांच्याकडे आली, पण तीही तुकड्यातुकड्यांनी. १ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ‘फ्लॉवर ड्रम साँग’ हे चिनी-अमेरिकी कुटुंबाचे संगीत नाटक आले. अमेरिकेत राहूनही जुन्या चालीरीतींस धरून बसलेल्या पित्याचे काम त्यांनी केले, आणि नाटकाचे ६०० प्रयोग झाले. १९६१ साली त्याचा चित्रपट निघाला तेव्हा ती भूमिका बेन्सन फाँग यांना मिळाली. हे फाँगही एके काळी पडद्यावर चार्ली चॅनचे मुलगेच होते!

१९७२ साली ‘कुंग फू’ या दूरचित्रवाणी मालिकेत ल्यूक अंध गुरू पो झाले. ज्या शिष्यास ते लाडाने नाकतोडा म्हणत, त्याची, म्हणजे नायकाची, भूमिका पुन्हा एका गोऱ्या नटाकडेच होती. पण शिष्याच्या आठवणींतून येणारा हा वृद्ध गुरूच लोकांच्या मनात घर करून राहिला. त्याच वर्षी मुलांसाठी चार्ली चॅन आणि त्याच्या दहा मुलांची चित्रमालिका निघाली, आणि चार्ली चॅनच्या मुखी आवाज देण्याचे काम ल्यूक यांस मिळाले. ज्येष्ठ पुत्र सदतीस वर्षांनी पिता झाला. अमेरिकी पडद्यावर चार्ली चॅनची ती भूमिका चिनी वंशाच्या अभिनेत्याने केली ती तेव्हाच. आणि तेव्हाही केवळ आवाज त्यांचा होता, चेहरा चित्रकाराने काढलेला होता. १९८१ साली चार्ली चॅनवर पुन्हा मोठा चित्रपट निघाला तेव्हा पिता झाले इंग्रज नट पीटर उस्तिनोव्ह. चिनी-अमेरिकी लोकांनी त्याचा निषेध केला.

ल्यूक काम करीतच राहिले. १९८४ च्या ‘ग्रेमलिन्स’ मधील दुकानदार आजोबा आणि १९९० च्या ‘ॲलिस’ मधील वैद्य ही त्यांची उतारवयातील कामे आजही रसिकांच्या स्मरणात आहेत. १९९० साली हॉलिवुडच्या पदपथावर त्यांच्या नावाचा तारा बसवण्यात आला. १२ जानेवारी १९९१ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

भूमिका लहान असली तरी ती हलकेपणाने करू नये, हे ल्यूक यांच्यापासून शिकावे. पण एवढ्यावर थांबणे आम्हांस सोयीस्कर चुकवाचुकवी वाटते. सोशिकाचे गुण गाऊन वाटणी करणाऱ्याचा अन्याय झाकता येत नाही. आपल्या गावच्या नाटकातही राजाचा पाठ ठरावीक घरांतील मुलास आणि भालदाराचा ठरावीक घरांतील मुलास मिळत असेल, तर आठवण ठेवावी: भालदाराच्या वेषात उभ्या असलेल्या त्या मुलास राजाची सगळी भाषणे पाठ असतात.