हृदयाची ओसरी आणि माजघर

सुटींत नातवंडें साताऱ्यास जमलीं म्हणजे आमची सुटलेली शाळा पुन्हां भरते. यंदा धाकट्या नातीनें पुस्तकांतलें हृदयाचें चित्र पुढें करून विचारलें, “आजोबा, अलिंद म्हणजे हो काय?” आम्हीं म्हटलें, “तूं बसली आहेस तें!” संस्कृतांत अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी, आणि निलय म्हणजे निवासस्थान, आपलें माजघरच म्हणा ना. हीं नांवें योजणाऱ्याची दृष्टि मोठी मार्मिक म्हटली पाहिजे.

हृदयांत वर दोन ओसऱ्या, खालीं दोन माजघरें. सर्व शरीराचें अशुद्ध रक्त उजव्या ओसरीवर येतें व खालच्या निलयांतून फुप्फुसांकडे जातें. शुद्ध होऊन डाव्या ओसरीवर परततें आणि डाव्या निलयांतून सर्वांगास पोंचतें. ओसरीचें काम आलेल्यास आंत सोडण्याचें, म्हणून तिच्या भिंती पातळ. डाव्या निलयाचा पल्ला मस्तकापासून पायाच्या नखापर्यंत. म्हणून त्याची भिंत उजव्याच्या सुमारें तिप्पट जाड. मिनिटास सुमारें ७२ ठोके व ५ लिटर रक्त, असा हा अखंड व्यवहार. ओसरी व माजघर यांमधील दारें एकाच बाजूस उघडतात. उजवें त्रिदल, डावें द्विदल. द्विदल म्हणतांच नातीला वरणाची डाळ आठवली!

आम्हांस मात्र आठवली सांगलीस दिलेल्या बहिणीची मुलगी. बाराव्या वर्षीं तिचा घसा दुखून ताप आला. पुढें दोनतीन आठवड्यांनीं सांधे सुजले. “वाढीचें दुखणें,” असें सर्वांनीं म्हटलें. त्यांत आम्हीही होतों. डॉ. वॉनलेस यांनीं १८९४ सालीं जेथें रुग्णालय काढलें, दूरदूरचे रोगी जेथें येत आले, ती मिरज सांगलीच्या शेजारीं. पण पोरीला कोणीं नेलें नाहीं. दिव्याखालीं अंधार तो हाच. पहिल्या गरोदरपणांत तिला धाप लागली, तेव्हां कळलें कीं द्विदल दार आखडलें आहे. मांडीच्या शिरेंतून फुगा नेऊन डॉक्टरांनीं तें सैल केलें. बाळबाळंतीण वांचलीं, औषध मात्र जन्माचें लागलें.

म्हणून वाचकांस विनंति कीं, मुलाचा घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांस दाखवावें. सांधेदुखी या सांध्यांतून त्या सांध्यांत फिरूं लागली, तर एक दिवसही दवडूं नये. वेळींच दिलेल्या पेनिसिलीननें हें दार राखतां येतें. ओसरीवर आलेल्या अनोळखी मनुष्याची आपण चौकशी करतों. मग घरांत शिरलेल्या दुखण्याचीच कां करूं नये?