इंजिनाचा दिवा आणि खेळण्याची जकात

गेल्या काही आठवड्यांत कार्यालयाकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच आहे. लघुरेल्वेच्या इंजिनाचा पुढचा दिवा जळून गेला, त्याच्या जोडीचा दिवा येथील बाजारात मिळत नाही, आणि परदेशातून मागवलेले दिवे सीमाशुल्क कचेरीत अडकून पडले आहेत. एका वाचकाच्या बीजकावर ‘मॉडेल इंजिनाचे दिवे’ एवढा मजकूर पाहताच संबंधित अंमलदाराने पाकिटावर खेळण्याचा शेरा मारला, खेळण्याच्या दराने शुल्क आकारले आणि शिवाय भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र हजर करण्याविषयी नोटीस काढली. तांदळाच्या दाण्याएवढ्या, १.५ व्होल्टच्या, जेमतेम १५ मिलिअँपिअर प्रवाह घेणाऱ्या दहा दिव्यांसाठी हे प्रमाणपत्र घरी छंद जोपासणाऱ्या गृहस्थाने कोणाकडून मिळवावे, याचा खुलासा त्या नोटिशीत नाही.

जकातीच्या अनुसूचीत ९५०३ या शीर्षाखाली खेळणी आणि प्रमाणबद्ध लघुप्रतिकृती एकत्र घातलेल्या असल्यामुळे, २०२० साली खेळण्यांवरील मूळ शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाले, तेव्हा तो भार आपल्या इंजिनांवरही पडला व आपण तो निमूटपणे सोसला. परंतु शुल्काचे शीर्ष ही एक बाब आहे आणि ज्याच्या आधारे मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र मागितले जाते तो खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा हुकूम ही सर्वस्वी निराळी बाब आहे. १ जानेवारी २०२१ पासून अमलात आलेला तो हुकूम चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी योजलेल्या वस्तूंपुरता आहे, हे त्याच्या व्याख्येतच नमूद आहे. आणि विजेच्या दिव्यांना तर अनुसूचीत ८५३९ हे स्वतंत्र शीर्ष आहे. ज्या अंमलदाराच्या मेजावर ही दोन्ही दप्तरे असतात, त्याने ती उघडून पाहण्याचे श्रम घ्यावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही. पुण्याच्या कोथरूडमध्ये बी. एस. जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ साली लोकांस खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय त्याने एकवार पाहावे, म्हणजे हा पोरखेळ नसून यंत्रविद्येचा व्यासंग आहे, याविषयी त्याच्या मनात शंका उरणार नाही.

तथापि सगळा दोष कचेरीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. आपल्यापैकी कित्येकांना विक्रेत्याकडून बीजकावर दिव्याचा व्होल्ट, प्रवाह, बैठक आणि नग यांचा तपशील लिहवून घेण्याचाही कंटाळा आहे, आणि मोघम मजकुराचे पाकीट अडले की मग आपण पत्रे लिहीत बसतो. त्याहून खेदाची गोष्ट अशी की, पुष्कळ दिवे मुळात अकाली जळतात ते आपल्याच हयगयीने. तंतूच्या दिव्याला नेमल्यापेक्षा पाच टक्के कमी व्होल्टेज दिले तर त्याचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते, हे ठाऊक असूनही १५ व्होल्टच्या डीसीसी (डिजिटल नियंत्रणाच्या) रुळावर १.५ व्होल्टच्या दिव्याला हिशेबाचा ९०० ओहमचा रेझिस्टर मिळाला नाही म्हणून हाताशी आला तो ६८० ओहमचा लावणारे महाभाग आहेत! तेथे १००० ओहमचा, अर्ध्या वॅटचा लावावा. प्रकाश किंचित मंद होईल, परंतु दिवा टिकेल. जुन्या मार्क्लिन इंजिनांत दिशा पालटताना २४ व्होल्टचा झटका बसतो आणि दिवे क्षणभर लख्ख होतात, त्या प्रत्येक क्षणी तंतूचे आयुष्य घटते. म्हणून खेळवण्याच्या भरात उगाच मागेपुढे करू नये. याच इंजिनांत दिव्याचे एक टोक सांगाड्यालाच जोडलेले असते, ते वेगळे न करता डिकोडर बसवल्यास दिवा लुकलुकतो आणि दोष मात्र डिकोडरला लागतो.

दिवा मिळत नाही म्हणून एलईडी बसवण्याकडे अलीकडे कल आहे, आणि त्यास आमचा विरोध नाही. मात्र मालिकेतल्या दोन डायोडांवर मिळणाऱ्या सुमारे १.४ व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या दिव्याच्या जागी पांढरा एलईडी सरळ डाख लावून जोडला, तर तो पेटणारच नाही, कारण त्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात. डिकोडर असेल तेथे निळी तार धन टोकाला, पांढरी तार रेझिस्टरमार्फत ऋण टोकाला, हा क्रम पाळावा. आणि वाफेच्या इंजिनाच्या कपाळी निळसर पांढरा प्रकाश लावून त्याचे रूप बिघडवू नये. पिवळसर छटेचाच एलईडी निवडावा.

आता लेखणी खाली ठेवून कामाला लागू या. प्रत्येकाने एकेकटे पाकीट मागवून एकेकट्याने कचेरीशी झगडण्यापेक्षा सर्वांची मागणी एकत्र करून, आयातीचा रीतसर परवाना असलेल्या एका व्यापाऱ्यामार्फत, ८५३९ या शीर्षाखाली स्पष्ट तपशिलाच्या बीजकासह दिवे आणण्याची तजवीज कार्यालय करीत आहे. येत्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत इंजिनाचा उत्पादक, दिव्याचा व्होल्ट व प्रवाह, काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि बैठक आट्याची, पिनेची की नुसत्या तारांची, एवढी माहिती कार्डावर लिहून पाठवावी. जळलेला दिवा फेकून न देता कागदात गुंडाळून त्यासोबत धाडल्यास मापे घेण्याचे काम आम्ही येथे करू. ज्यांची पाकिटे अडकली आहेत त्यांनी नोटिशीची नक्कलही जोडावी. त्या सर्व नकला एकाच अर्जासोबत वरिष्ठांकडे दाखल करावयाच्या आहेत.