दोन दारांची गाडी

केवळ धांवण्यासाठीं बांधलेली मोटार ही श्रीमंतांच्या मुलांची चैन असून तिच्याविषयीं विद्यालयाच्या वार्षिकांत लिहिणें अप्रशस्त होय, असें आपल्यांतील कित्येक सज्जनांचें मत आहे. मीही त्याच मताचा होतों. परंतु गेल्या खेपेस कॅलिफोर्नियांत धाकट्या बंधूकडे आई व मी गेलों असतां अशी एक गाडी एक दिवसापुरती भाड्यानें घेऊन मीं स्वतः हांकली, आणि तेव्हांपासून माझें मत पूर्वीइतकें सरळ राहिलें नाहीं.

वास्तविक मीं मागितली होती चार दारांची साधी गाडी. ती तयार नव्हती, म्हणून तेथील गृहस्थानें त्याच दरांत ही लाल, बुटकी, दोन दारांची गाडी देऊं केली. हौसेला मोल नाहीं म्हणतात. येथें तर तिचा दिवसाचा दरच ठरलेला होता. बाहेर बाकावर बसलेल्या आईला न विचारतां मीं ‘चालेल’ म्हणून सही केली.

अशी गाडी भाड्यानें देण्याची प्रथा तिकडे जुनी आहे. १९६६ सालीं हर्ट्झ कंपनीनें कॅरॉल शेल्बी यांच्याकडून मस्टँग जातीच्या सुमारें १००० विशेष गाड्या करवून घेतल्या. त्यांतील बहुतेक काळ्या, अंगावर सोनेरी पट्टे असलेल्या. शनिवारीं गाडी न्यावी, शर्यतींत पळवावी आणि सोमवारीं निमूटपणें परत करावी, असें कित्येकांनीं केल्याच्या कथा अजून सांगतात. माझी गाडी त्यांतील नव्हे, व ती कोणत्या कारखान्याची हें सांगण्याचें प्रयोजनही नाहीं.

मॉन्टेरेहून दक्षिणेस समुद्रकांठानें जाणारा पहिल्या क्रमांकाचा रस्ता आम्ही धरला. कार्मेलपासून सॅन सिमियनपर्यंतचा त्याचा भाग १९३७ सालीं खुला झाला. कडे फोडून तो करण्यास सुमारें अठरा वर्षें लागलीं, आणि त्या कामावर तुरुंगांतील कैदीही राबले. डाव्या हातास डोंगर, उजव्या हातास खोल खालीं पॅसिफिक महासागर, आणि मध्यें नागमोडी वाट. गाडींतील बैठक इतकी खालीं कीं आपण जमिनीवर पाय पसरून बसलों आहों असा भास होतो. तीस मैलांचा वेग पन्नासांसारखा वाटतो. चक्र बोटभर वळविलें कीं गाडी तितकीच वळते, अधिक नाहीं, उणी नाहीं. वळणावर अंग कलत नाहीं. गुरुत्वमध्य खालीं आणि चाकें रुंद, यांचा हा परिणाम. माझ्या मतें या गाडीचा खरा आनंद वेगांत नसून या आज्ञाधारकपणांत आहे. वेगाची मजा तेथें करावयासही मिळत नाहीं. पुढें एखादी घरवजा मोठी गाडी रांगत असते. पांच किंवा अधिक वाहनें मागें खोळंबलीं असतां हळू चालणाऱ्यानें सोईच्या जागीं बाजूस होऊन त्यांना वाट द्यावी, असा तेथें कायदाच आहे, व बहुतेक लोक तो पाळतात.

एकदां मात्र रस्ता सरळ व मोकळा दिसला आणि माझा पाय जड झाला. यंत्रानें असा कांहीं स्वर काढला कीं चाळिशी उलटलेल्या मनुष्यानें लाजावें. वेग दुप्पट केला तर ब्रेक दाबल्यानंतर लागणारें अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतें, हें वर्गांत शिकलेलें गणित त्या क्षणीं मला आठवलें नाहीं. मागून आई एवढेंच म्हणाली, ‘बाळ, मी आहे रे मागें.’

तिच्या मागें बसण्याचीही एक कथा आहे. ‘तुम्ही दोघे पुढें बसा, बोलायला बरें,’ असें म्हणून ती आपण होऊन मागें शिरली. सत्तरी ओलांडलेली बाई, दुखरे गुडघे; पुढचें आसन वांकवून त्या फटींतून तिला आंत जातांना पाहून सुईच्या नाकापुढें उभा असलेला उंट मला आठवला, आणि मी हंसलोंही.

बिक्सबी खाडीवरील पूल १९३२ सालचा आहे. खालच्या ओढ्यापासून सुमारें २६० फूट उंच, एका कमानीवर तोललेला. तेथें आम्ही उतरलों. दोघांनीं हात देऊन आईला बाहेर काढलें. ती कठड्यापाशीं उभी राहून म्हणाली, ‘केवढा समुद्र रे हा! मला वाटलें, अजून यायचा आहे.’

तेरा मैल तो आमच्या उजव्या अंगास होता. मागची कांच वीतभर, तीही तिरपी. समोर बंधूच्या आसनाची उंच पाठ. तिनें तक्रार म्हणून केली नाहीं.

अशा गाडीला कूपे म्हणतात. या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘कापलेली’. मोटारींच्या पूर्वीं समोरासमोर बैठका असलेल्या बंद घोडागाड्या असत. त्यांतील एक बैठक कापून दोघांपुरती आटोपशीर गाडी केली, तिचें हें नांव. म्हणजे या वाहनाचें सौंदर्य कोणाला तरी वगळूनच निर्माण झालें आहे. म्हणून मी त्यास पाप म्हणणार नाहीं. एकट्यादुकट्यानें खुशाल हांकावी. मीही पुन्हां हांकीन. परंतु जी विकत घेण्याची इच्छा आहे तिच्या मागच्या बैठकीवर एक तास बसून पाहिल्यावांचून कोणी पैसे मोजूं नयेत, आणि सही करण्यापूर्वीं बाकावर कोण बसलें आहे तें पाहावें.

पुढें बिग सरपर्यंत बंधू मागें गुडघे हनुवटीशीं घेऊन बसला व आई पुढें. बराच वेळ ती उजवीकडे मान वळवून गप्प होती. मग रस्ता जरा सरळ झाला तेव्हां हळूच म्हणाली, ‘मघाशीं तो आवाज काढलास ना गाडीचा, तो पुन्हां काढतोस का रे?’