जाड पुस्तक नव्हे, नेमके पुस्तक!

जून-जुलै महिना आला की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, दिल्लीच्या नई सडकेवर किंवा कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर एक दृश्य हमखास दिसते. हातात यादी घेतलेली आई, शेजारी कॉलेजात जाणारी मुलगी आणि काउंटरवर पुस्तकांचा ढीग. ‘डेटाबेस’, ‘मॉडेलिंग’, ‘क्वांटिटेटिव्ह फायनान्स’ अशी भारदस्त नावे. आईला त्यातले एक अक्षर कळत नसते, पण मुलीच्या शिक्षणात हात आखडता घ्यायचा नाही असे तिने ठरवलेले असते. दुकानदार म्हणतो, ‘‘ताई, हेच घ्या, सगळ्यात जाड हेच आहे. सगळे यातच आहे.’’ आई किंमत पाहते, क्षणभर थबकते आणि पैसे काढून देते.

दिवाळीपर्यंत ते पुस्तक चाळीसाव्या पानावर अडकलेले असते. पुढच्या जूनमध्ये ते कपाटावर जाते. पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून मोठे नुकसान वेगळे असते. ‘‘आपल्याला हा विषय जमणारच नाही,’’ असे मुलगी स्वतःच्या मनाशी ठरवून टाकते. खरे तर चूक तिच्या बुद्धीची नसते, पुस्तकाच्या निवडीची असते.

संगणक आणि वित्त या क्षेत्रांत नोकरी करू इच्छिणाऱ्या मुलामुलींना हे तिन्ही विषय आज वारंवार भेटतात. बँका, विमा कंपन्या, सॉफ्टवेअर कंपन्या सर्वांनाच त्यांची गरज असते. म्हणूनच पुस्तके घेताना थोडे जाणून घेतलेले बरे. त्यासाठी पालकांनी विषयात पारंगत असायला हवे असे मुळीच नाही.

आधी पुस्तकाची जात ओळखा

तांत्रिक पुस्तके साधारण दोन जातींची असतात. पहिली पायाची पुस्तके. ती विषयामागचा विचार शिकवतात आणि दहा-वीस वर्षे टिकतात. दुसरी साधनांची पुस्तके. एखादे विशिष्ट सॉफ्टवेअर कसे चालवायचे, कोणते बटण कुठे आहे, हे ती सांगतात. त्यांचे आयुष्य दुधाच्या पिशवीसारखे असते, तारीख पाहूनच घ्यावी लागतात.

घोळ होतो तो या दोन्हींत गल्लत केल्यामुळे. पायाचे पुस्तक दहा वर्षे जुने म्हणून नाकारले जाते आणि साधनाचे जुने पुस्तक स्वस्त मिळाले म्हणून घरी येते. व्हायला हवे नेमके उलटे.

तारीख पाहण्याचीही एक खुबी आहे. पहिल्या काही पानांत आवृत्तीचे वर्ष दिलेले असते आणि त्याखाली पुनर्मुद्रणाचे. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापणे. रामकृष्णन आणि गेर्के यांच्या डेटाबेसवरील प्रसिद्ध पुस्तकाची तिसरी आवृत्ती दोन दशकांहून जुनी आहे, पण नव्या छपाईची प्रत हातात घेतली तर ती कोरी करकरीत दिसते. पुस्तक चांगलेच आहे, मात्र मजकूर कोणत्या वर्षाचा हे माहीत असावे. कागदाच्या पांढरेपणावरून पुस्तकाचे वय ठरत नाही.

डेटाबेस : वहीतला घोळ आणि त्याचा उपाय

डेटाबेस म्हणजे माहितीचा नीट लावलेला साठा. वाणी प्रत्येक बिलावर गिऱ्हाइकाचा पत्ता नव्याने लिहितो असे समजा. गिऱ्हाइकाने घर बदलले की पन्नास ठिकाणी पत्ता बदलावा लागणार. एक जागा राहून गेली की एकाच माणसाचे दोन पत्ते! मग पत्ता एकदाच वेगळ्या तक्त्यात लिहावा आणि बिलावर फक्त गिऱ्हाइकाचा क्रमांक टाकावा. या साध्या शहाणपणालाच डेटाबेसच्या भाषेत ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात.

माहिती अशी तक्त्यांत मांडण्याचा विचार ई. एफ. कॉड या गणितज्ञाने आयबीएममध्ये काम करताना १९७० साली एका शोधनिबंधात मांडला. त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिचा आराखडा १९७४ साली पुढे आला आणि १९८६ मध्ये तिला अमेरिकेत अधिकृत प्रमाण मिळाले. म्हणजे पाया पन्नास वर्षांहून जुना आहे आणि आजही भक्कम आहे. म्हणूनच डेटाबेसच्या पायाचे पुस्तक एक आवृत्ती मागचे, जुन्या बाजारात निम्म्या किमतीत मिळाले, तर खुशाल घ्यावे.

या विषयात दोन पाठ्यपुस्तके भारतभर वापरली जातात. एक सिल्बरशॅट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचे ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’. यातले सुदर्शन हे मुंबईच्या पवई येथील आयआयटीचे प्राध्यापक. या पुस्तकाची सातवी आवृत्ती २०१९ साली आली. त्यातल्या सरावप्रश्नांची उत्तरे लेखकांनी इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्यासाठी ही मोठीच सोय आहे. दुसरे पुस्तक एल्मासरी आणि शामकांत नवाथे यांचे. तक्ते आखण्यापूर्वी माहितीचा आराखडा कसा काढायचा, याकडे त्यात विशेष लक्ष दिलेले आहे.

दोन्ही विकत घेण्याची गरज नाही. कॉलेजच्या अभ्यासक्रमात जे असेल ते घ्यावे, दुसरे ग्रंथालयात चाळावे. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट ही डेटाबेसची सॉफ्टवेअर मोफत मिळतात. ती संगणकावर घालून रोज पाच प्रश्न स्वतः सोडवणे हे तिसरे पुस्तक विकत घेण्यापेक्षा केव्हाही चांगले.

मॉडेलिंग : घराआधी नकाशा

घर बांधण्याआधी नकाशा काढतात, तसा सॉफ्टवेअर बनवण्याआधीही काढावा लागतो. या नकाशांच्या सर्वमान्य खुणांना यूएमएल म्हणतात. बूच, रम्बॉ आणि जेकबसन या तिघांच्या वेगवेगळ्या पद्धती एकत्र करून ती घडवली गेली आणि १९९७ मध्ये तिला मान्यता मिळाली. या विषयावर हजार-हजार पानांचे ग्रंथ आहेत. पण मार्टिन फाउलर यांचे ‘यूएमएल डिस्टिल्ड’ हे छोटेखानी पुस्तक नवशिक्याला पुरेसे होते. त्याची २००३ ची तिसरी आवृत्तीच पाहून घ्यावी, कारण मधल्या काळात खुणांमध्ये बदल झाले. दुकानदाराचा ‘सगळ्यात जाड’ हा निकष इथे सपशेल खोटा ठरतो.

वित्त क्षेत्रात ‘मॉडेलिंग’ म्हणजे मात्र वेगळी गोष्ट. तिथे कंपनीचा जमाखर्च, कर्जाचे हप्ते, भविष्यातला नफा यांचे गणित बहुधा एक्सेलमध्ये मांडतात. यादीत नुसते ‘मॉडेलिंग’ लिहिले असेल तर कोणते, हे आधी विचारून घ्यावे. नाहीतर हव्या त्या पुस्तकाऐवजी भलतेच घरी यायचे!

एक्सेलच्या पुस्तकात आवृत्ती का पाहायची, तर २००७ साली एक्सेलचा तोंडवळाच बदलला. जुन्या पुस्तकातला ‘अमुक मेनू उघडा’ हा सल्ला घेऊन बसलेल्या मुलाला तो मेनू सापडतच नाही. तक्त्यातल्या ओळींची मर्यादाही तेव्हा ६५,५३६ वरून १०,४८,५७६ झाली. ही किरकोळ बाब वाटेल, पण तिने एका देशाला घाम फोडला. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने करोनाची आकडेवारी जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये साठवली होती. मर्यादा भरली आणि पुढच्या नोंदी गळाल्या. जवळजवळ १६,००० रुग्ण राष्ट्रीय आकडेवारीत वेळेवर आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा शोधही लांबला. साधनाची मर्यादा ठाऊक नसली की असे होते. म्हणून जे पुस्तक सॉफ्टवेअरची बटणेच नव्हे तर त्याच्या मर्यादाही सांगते, ते अधिक मोलाचे.

पायथन या संगणकभाषेबाबतही असेच. तिच्या दुसऱ्या पिढीचा पाठिंबा १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. जुन्या पिढीत सातला दोनने भागले की उत्तर तीन यायचे, नव्यात साडेतीन येते. रद्दीच्या दुकानातून आणलेल्या जुन्या पुस्तकावरून गणित उतरवून घेणाऱ्याला चूक दिसतही नाही, फक्त उत्तर वेगळे येते.

क्वांटिटेटिव्ह फायनान्स : इथे जपून

शेअर, कर्जरोखे, वायदे यांच्या किमती आणि जोखीम गणिताने मोजण्याचे हे शास्त्र आहे. ब्लॅक आणि शोल्स यांनी १९७३ साली ऑप्शनची किंमत काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले आणि मर्टन यांनी त्याचा पाया रुंदावला. शोल्स व मर्टन यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ब्लॅक यांचे त्याआधीच, १९९५ मध्ये, निधन झाले होते.

पण पुढची गोष्ट अधिक शिकण्यासारखी आहे. हे दोन्ही नोबेलविजेते ज्या ‘लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ या गुंतवणूक संस्थेत भागीदार होते, ती अवघ्या वर्षभरात, १९९८ मध्ये कोसळली. तिला सावरण्यासाठी १४ वित्तसंस्थांना सुमारे ३६० कोटी डॉलर घालावे लागले. गणित चुकीचे नव्हते. बाजार नेहमी अमुक मर्यादेतच हलेल, हे गृहीतक मात्र चुकले. म्हणून या विषयाचे पुस्तक हातात घेतले की एकच प्रश्न विचारावा : हे सूत्र कुठे चालत नाही, ते पुस्तकात सांगितले आहे का? सांगितले असेल तर लेखक प्रामाणिक आहे.

या कसोटीला जॉन हल यांचे ‘ऑप्शन्स, फ्यूचर्स अँड अदर डेरिव्हेटिव्हज’ उतरते. मोठमोठ्या संस्था कशा बुडाल्या आणि त्यातून काय शिकावे, यावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. त्याची भारतीय आवृत्तीही मिळते. बारावीपर्यंतचे गणित पक्के असलेल्या आणि संभाव्यतेची तोंडओळख असलेल्या विद्यार्थ्याला ते झेपते. त्यापुढचे पाऊल म्हणजे स्टीव्हन श्रीव्ह यांचे दोन खंड. पहिला खंड सोप्या टप्प्याटप्प्याच्या पद्धतीवर आहे, दुसऱ्याला उच्च गणित लागते. दुकानात दुसराच खंड शिल्लक होता म्हणून तो घेऊन येणे म्हणजे पोहणे येण्याआधीच डोहात उडी मारणे. संभाव्यता कच्ची असेल तर आधी तिचे पुस्तक घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

याच कपाटात आणखी एक प्रकार मांडलेला असतो. ‘ऑप्शनमधून दरमहा खात्रीचे उत्पन्न’ अशा थाटाची चकचकीत पुस्तके. ती अभ्यासाची नव्हेत, आमिषाची. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स आणि ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि तोही माणशी सरासरी सुमारे २ लाख रुपये! अभ्यासासाठी म्हणून घरात आलेले पुस्तक मुलाला वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीपर्यंत नेऊ नये, एवढे लक्ष घरातल्यांनी ठेवायलाच हवे. विषय शिकणे वेगळे आणि घरच्या पैशाने जुगार खेळणे वेगळे.

दुकानात दहा मिनिटे

पुस्तक घेण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला दुकानातच एक छोटी परीक्षा घ्यायला सांगावे. स्वतःला अर्धवट समजलेला एखादा विषय अनुक्रमणिकेत शोधून त्यावरची दोन पाने वाचावीत. थोडा अधिक उलगडा झाला तर पुस्तक आपले. सगळेच आधीपासून येत असेल तर ते सोपे आहे, आणि एकही ओळ कळली नाही तर त्याची वेळ अजून यायची आहे. मग शेवटची पाने पाहावीत. सूची तपशीलवार आहे का? प्रत्येक प्रकरणाखाली सरावप्रश्न आहेत का? काहींची तरी उत्तरे दिली आहेत का?

परदेशी पुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या बऱ्याच स्वस्त असतात, त्या जरूर घ्याव्यात. मात्र कधीकधी त्यांतल्या उदाहरणांचे क्रमांक मूळ आवृत्तीपेक्षा वेगळे असतात, तेव्हा वर्गात कोणती आवृत्ती वापरतात ते विचारून घ्यावे. पदपथावरच्या चोरट्या छपाईच्या प्रती मात्र टाळाव्यात. ते बेकायदा तर आहेच, शिवाय गणिताच्या पुस्तकात पुसट छपाईमुळे वजाचे एक चिन्ह उडाले तरी रात्रभर उत्तर जुळत नाही.

खर्चाला आणखीही आळा घालता येतो. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने ‘एनपीटीईएल’वर विनामूल्य पाहता येतात. रोखे बाजाराच्या परीक्षांसाठी सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएम संस्थेची अभ्यासपुस्तके इंटरनेटवर मोफत मिळतात. एका वर्गातल्या तिघी मैत्रिणींनी तीन वेगवेगळी पुस्तके घेऊन आपसात फिरवली तर तिघींचेही काम होते.

आणि मुख्य म्हणजे, तिन्ही विषयांची खरेदी एकाच दिवशी करू नये. एक पुस्तक आणावे. त्याची पहिली तीन प्रकरणे सरावासकट झाली की दुसऱ्याचा विचार करावा. आईने डेटाबेस शिकण्याची गरज नाही. रात्री जेवताना ‘‘आज पुस्तकातले कुठले गणित सुटले?’’ एवढे विचारले तरी पुरे. मुलीने वाण्याच्या वहीचा दाखला देऊन आईलाच नॉर्मलायझेशन समजावून सांगितले, की समजावे, या वर्षीचे पुस्तक कपाटावर जाणार नाही.