विभागाचे दूरगामी नियोजन : साधने आणि निष्कर्ष

१९९४ साली राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद स्थापन झाली आणि पुढे अशा मूल्यमापनाची प्रथा रूढ होत गेली, तशी विद्यापीठीय विभागांना आपली उद्दिष्टे लेखी मांडण्याची सवय लागली. मराठी विभागही त्यास अपवाद नाहीत. तथापि या उद्दिष्टांत चर्चासत्रे, नवे अभ्यासक्रम आणि शोधनिबंधांची संख्या यांचाच भरणा असतो. जे मोजता येते आणि विद्यमान विभागप्रमुखाच्या कारकीर्दीत पुरे होते, तेवढेच 'उद्दिष्ट' ठरते. हे नियोजन अल्पकालीन असते. त्यास दूरगामी म्हणणे ही शब्दाची ओढाताण होय.

वाङ्मयीन संशोधनातील टिकाऊ कार्यांचे कालमान निराळे असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी उपयोगात आणली गेली. प्रधान संपादक वि. सी. सुखटणकर १९४३ मध्ये निवर्तले. पण काम थांबले नाही. याचे श्रेय केवळ उत्तराधिकाऱ्यांच्या निष्ठेला देता येणार नाही. १९३३ च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत संपादनाची तत्त्वे तपशिलाने नमूद झालेली होती, आणि पर्वे स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत असल्याने प्रत्येक टप्पा स्वतःपुरता उपयुक्त होता. दीर्घ कार्याचे नियोजन कसे असावे, याचे हे दोन धडे आहेत. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोशही तुळपुळे यांच्या निधनानंतर, १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

यावर असा आक्षेप संभवतो की, संशोधन संस्था आणि अध्यापन विभाग यांची तुलना योग्य नाही. अनेक ठिकाणी विभागप्रमुखपद ठराविक मुदतीने फिरते, मंजूर पदे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर काम चालते. ही अडचण खरी आहे. पण तीच लेखी नियोजनाची गरज सिद्ध करते. जेथे माणसे स्थिर नाहीत तेथे निदान काम तरी स्थिर असले पाहिजे. शिवाय विभागापाशी संस्थेजवळ सहसा नसलेले एक बळ असते, ते म्हणजे दरवर्षी येणारे नवे विद्यार्थी. एखाद्या एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकाची विषयवार सूची किंवा विभागाच्या परिसरातील पोथ्यांची वर्णनात्मक यादी, हे काम पंधरा वर्षांच्या आराखड्यात बसवून एम. ए. च्या प्रबंधिकांत विभागून देता येईल. मात्र विद्यार्थ्यास मोडी वा सकळ लिपीचे रीतसर शिक्षण आणि प्रसिद्ध कामावर त्याचे नाव मिळाले पाहिजे. एरवी ती निव्वळ वेठबिगार ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आजच्या अध्यापकांनी ठरविलेली उद्दिष्टे उद्याच्या अध्यापकांवर का लादावीत? साहित्यविचार बदलतो, आणि तो बदललाच पाहिजे. विशिष्ट समीक्षादृष्टी हेच विभागाचे उद्दिष्ट ठरविले, तर पुढील पिढीचे स्वातंत्र्य निश्चितच संकोचते. म्हणूनच दूरगामी आराखड्यात साधने निश्चित करावीत, निष्कर्ष नव्हेत. सूचींची, कोशांची आणि संहितांची निवड व रचना काही गृहीतकांवर उभी असते, हे मान्य केले तरी ती गृहीतके लिहून ठेवलेली असली की पुढच्या अभ्यासकास ती तपासता आणि नाकारता येतात. साधनेच नसतील, तर त्याचे स्वातंत्र्य नाममात्र राहते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. या दर्जाचा आधार प्राचीन संहिता हा आहे, आणि त्या वाचू शकणारे अभ्यासक घडविणे ही विभागांची जबाबदारी आहे. अशी वाचनक्षमता एका आर्थिक वर्षात निर्माण होत नाही. आराखडा तयार नसेल तर मिळणारा निधी समारंभांवर खर्ची पडण्याचाच संभव अधिक. तेव्हा प्रत्येक विभागाने एकच दीर्घ कार्य निवडावे, त्याची तत्त्वे व टप्पे लिहून काढावेत, आणि विभागप्रमुखपदाचा कार्यभार सोपविताना चाव्या व जडवस्तू नोंदवहीबरोबर तो आराखडाही सोपवावा.