सूट नको, तपासणीची रीत हवी

हिंदमाताला राहणाऱ्या माणसाला कुबडी, कॅलिपर, व्हीलचेअर यांचं काही वाटत नाही. केईएम आणि टाटा ही दोन्ही इस्पितळं जवळ. हाडाच्या कर्करोगात पाय गमावलेली पोरं आमच्याच फुटपाथवरून जातात. इथे त्या पायाकडे कुणी संशयाने बघत नाही. विमानतळाच्या दारात मात्र तोच पाय संशयित ठरतो.

ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबईच्या अभिनेत्री आणि नर्तिका सुधा चंद्रन यांनी पंतप्रधानांना उद्देशून एक व्हिडिओ टाकला. 1981 च्या अपघातानंतर पाय गमावलेल्या आणि पुढे कृत्रिम पायावर नाचून देशभर नाव कमावलेल्या या बाईंचं म्हणणं साधं होतं. स्फोटकं शोधणाऱ्या यंत्राने माझा पाय तपासा अशी विनंती मी करते, तरी तो काढायलाच सांगतात. सीआयएसएफने माफी मागितली आणि खुलासा केला की कृत्रिम अवयव फक्त अपवादात्मक परिस्थितीतच काढायला लावायचा असतो.

म्हणजे नियम होता! तो तपासणीच्या टेबलापर्यंत पोहोचलाच नव्हता.

त्याच वर्षी 1 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की मानवी प्रतिष्ठा राखायची तर विमानतळावर कृत्रिम अवयव काढायला सांगू नये. हे प्रकरण जीजा घोष यांचं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या कार्यकर्तीला 2012 मध्ये कोलकात्यात विमानातून उतरवलं होतं. 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना विमान कंपनीकडून 10 लाखांची भरपाई दिली.

या सगळ्यानंतर माझे मामू एका विमानतळावर गेले. मधुमेहात त्यांचा पाय गुडघ्याखालून गेलेला. त्यांना पडद्याआड नेऊन पँट उतरवायला लावली, पाय काढायला लावला. बसायला खुर्चीही नव्हती. त्यांनी एका हाताने भिंत धरली आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा पाय ट्रेमध्ये ठेवला. ते आता विमानाने जायला नको म्हणतात.

"सुरक्षेपुढे थोडा त्रास सोसायला नको का?" असं विचारणारे भेटतात. मी इंजिनीअर आहे, म्हणून सुरक्षेच्याच बाजूने उत्तर देतो. मेटल डिटेक्टरचा प्रश्न एकच: धातू आहे का? धातूचा सांधा असलेला पाय दरवेळी 'हो' म्हणणार. जो अलार्म वाजणारच हे आधीच माहीत आहे, तो वाजला म्हणून नवीन काय कळलं? खरी भीती स्फोटकांची असेल, तर पायावर पट्टी फिरवून ती यंत्रात घाला. ते यंत्र तिथेच असतं. पाय तपासू नका असं कुणीच म्हणत नाही. तो न काढता तपासता येतो, एवढंच म्हणणं आहे.

सुधा चंद्रन यांनी ज्येष्ठ नागरिकांसाठी कार्ड मागितलं होतं. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनही मला हे पटत नाही. कार्ड म्हणजे पुन्हा मेहेरबानीच. ज्याच्याकडे कार्ड नाही तो मग दुप्पट संशयित होईल.

शिवाय मेहेरबानीच्या याद्या आपल्याकडे आहेतच. अंगझडतीतून सूट मिळालेल्या अतिमहत्त्वाच्या व्यक्तींची यादी सरकारने केली आहे. रॉबर्ट वड्रा यांचं नाव त्यात 2015 पर्यंत होतं. म्हणजे अपवाद कसा लिहायचा आणि दारावरच्या जवानापर्यंत कसा पोहोचवायचा, हे सरकारला नीट कळतं. पदासाठी ते केलं जातं, पायासाठी केलं जात नाही.

एपीजे अब्दुल कलाम यांचं नावही माजी राष्ट्रपती म्हणून त्या यादीत होतं. तरी 2009 मध्ये दिल्लीत एका परदेशी विमान कंपनीने त्यांची झडती घेतली. देशभर संताप उसळला, कंपनीने माफी मागितली. स्वतः कलामांनी तक्रार केली नाही. याच कलामांनी क्षेपणास्त्रासाठी बनवलेला हलका पदार्थ वापरून अपंग मुलांचे 3 किलोंचे कॅलिपर काही शे ग्रॅमवर आणले होते. कलामांच्या झडतीवर संसदेत आवाज उठला. ते कॅलिपर घालणाऱ्या मुलासाठी कोण उठणार?

मुसलमान म्हणून आपल्याला हा प्रश्न परका वाटू नये. नाव ऐकून बदलणारी नजर आपण ओळखतो. तेव्हा आपण सूट मागत नाही. सगळ्यांना लागू असलेला नियम आम्हालाही लावा, एवढंच म्हणतो. अपंग प्रवाशाचंही म्हणणं तेच आहे, म्हणून त्याची बाजू घेणं आपलं काम आहे.

मागण्या तीन. तपासणीच्या जागी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पाटी लावा: कृत्रिम अवयव काढण्याची सक्ती नाही. आधी स्फोटकांची चाचणी करा. अगदी अपवाद म्हणून अवयव काढायला लावायचाच असेल, तर वरिष्ठ अधिकाऱ्याने कारण लिहून सही करावी, प्रत प्रवाशाला द्यावी आणि तपासणी बंद खोलीत, खुर्चीवर बसवून करावी. कागदावर सही करावी लागली की 'अपवादात्मक परिस्थिती' रोज उगवणार नाही.